अभ्रकयुक्त ग्रॅनाइट आणि युरेनियम : एक खुलासा

‘ग्रॅनाइटमधील चमकणाऱ्या अभ्रकातच युरेनियम असते, त्यामुळे अभ्रक जास्त तिथे युरेनियमचे खनिज हमखास’ असे सांगणारा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे, मात्र निव्वळ निराधार नाही.

सर्वसाधारण ग्रॅनाइटमध्ये दहा लाख भागांत जेमतेम 3 ते 5 भाग युरेनियम असते आणि त्यातील बहुतांश झिरकॉन, मोनाझाइट, युरेनिनाइट यांसारख्या सूक्ष्म खनिजांत असते. सूक्ष्मदर्शकाखाली बायोटाइट या तपकिरी अभ्रकामध्ये दिसणारी काळसर वलये त्यात अडकलेल्या झिरकॉन वा मोनाझाइटच्या कणांतील किरणोत्साराने उमटलेली असतात. ती पाहून अभ्रकालाच युरेनियमयुक्त ठरवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे.

अभ्रकाची रासायनिक घडण युरेनियमच्या शोधात उपयोगी पडते ती वेगळ्या कारणाने. बायोटाइटमधील लोह, मॅग्नेशियम व फ्लोरिनचे प्रमाण आणि सोबत मस्कोव्हाइट या पांढरट अभ्रकाची उपस्थिती यांवरून मूळ शिलारस (मॅग्मा) किती ॲल्युमिनियमसमृद्ध होता व त्याचे विभेदन (थंड होताना स्फटिक वेगळे होत घटक बदलत जाणे) कुठवर झाले होते, याचा अंदाज येतो. अशा द्वि-अभ्रकी (दोन्ही अभ्रके असलेल्या), थोरियम कमी असलेल्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम युरेनिनाइटच्या रूपात स्फटिकीभूत होऊ शकते, आणि ऑक्सिजनयुक्त पाणी ते सहज विरघळवते. झिरकॉनमध्ये कोंडलेले युरेनियम मात्र सहजासहजी सुटत नाही. विरघळलेले युरेनियम क्षपणकारक (ऑक्सिजनचा अभाव असलेल्या) परिस्थितीत पुन्हा साचले, तरच साठा तयार होतो. फ्रान्समधील लिमूझँ येथील शिरांमधले साठे ग्रॅनाइट थिजल्यानंतर काही कोटी वर्षांनी तयार झाले. नामिबियातील रॉसिंगसारख्या ठिकाणी ग्रॅनाइटी खडकच धातुक (धातू काढण्याजोगा खडक) ठरतो, पण तो अपवाद आहे.