दाणे की गाळीव?

जपानमधल्या नागोया शहरात सकाळी कॉफी मागवली की टोस्ट आणि उकडलेलं अंडं आपोआप येतं. पैसे फक्त कॉफीचे. फुकटाचं पुढ्यात आलं की पुणेकर आधी खोट शोधतो. ती टोस्टवरच पसरलेली असते. लोण्याचा थर आणि त्यावर अंको, म्हणजे अझुकी या लाल कडधान्याचं साखर घालून शिजवलेलं सारण. याला ओगुरा टोस्ट म्हणतात, आणि पाठोपाठ मीठ लावून अंडं खायचं असतं.

तिथून सुटून ऑफिसात यावं तर टेबलावर मांजू नावाची मिठाई. या देशात कुणी गावाला जाऊन आलं की सगळ्यांना खाऊ आणतं. वेष्टन निराळं, आकार निराळा, रंग निराळा. फोडलं की आत अंको! नाही म्हणायची सोय नाही, कारण आणणारा समोर उभा असतो.

टोकियोच्या गिन्झा भागातले बेकरीवाले किमुरा यासुबेई यांनी १८७४ साली पावातही अंको भरला. पुढच्याच वर्षी खारवलेलं साकुरा, म्हणजे चेरीचं फूल, लावून हा आनपान सम्राट मेइजींपुढे ठेवला गेला. महाराजांना तो आवडला. मग प्रजेची काय बिशाद! उन्हाळ्यात याच अझुकीची कांडी मिळते. ती इतकी घट्ट गोठलेली असते की दात सांभाळा, अशी सूचना पाकिटावरच छापलेली असते.

पण खाणं परवडलं. खरा छळ पुढच्या प्रश्नाचा: "त्सुबुआन की कोशिआन?" त्सुबुआनमध्ये दाणे सालासकट राखतात. कोशिआनसाठी शिजलेले दाणे चाळणीवर घासून सालं काढायची, खाली उतरलेला गाळ पाण्यात धुऊन फडक्यात पिळायचा आणि मग साखरेत घोटायचा. इथली सालस, मितभाषी माणसं या विषयावर एकदम बाह्या सरसावतात. आमचे साहेब कट्टर त्सुबुआनवाले, शेजारच्या टेबलावरच्या बाई कोशिआनवाल्या. मी वर्षानुवर्षं "दोन्ही छान" म्हणून बढती सांभाळली आहे.

आणि मग आई आली.

साहेबांनी हौसेनं घरी बोलावलं. चहासोबत दाइफुकू होते, म्हणजे चिकट तांदळाच्या मऊ पारीत अंको भरलेले गोळे. आईनं एक मधोमध कापला, चष्मा वर करून आतले दाणे न्याहाळले, एक घास खाल्ला आणि सरळ त्यांनाच मराठीत विचारलं, "इतकं शिजवलंत, तर तेवढं पुरणयंत्रातून काढायला काय झालं होतं हो? आणि वेलदोडा कुठाय?"

"काय म्हणतायत?" साहेब उत्सुकतेनं पुढे झुकले.

"दाणे फार सुरेख लागतात म्हणतेय," मी म्हणालो.

साहेबांचा चेहरा असा फुलला की मला पगारवाढच दिसली. त्यांनी आणखी दोन दाइफुकू आईच्या ताटलीत ठेवले. "अरे, नको सांग ना त्यांना," आई पुटपुटली. मी सांगितलं नाही.

आता दर सोमवारी साहेब आईसाठी खास डबा देतात. त्सुबुआनचाच. आई तो तसाच माझ्यापुढे सरकवते, आणि तिचा मुक्काम दिवाळीपर्यंत आहे.