मोठ्या आचेने गॅस वाचत नाही

सिलिंडर जास्त दिवस पुरावा म्हणून काय करावे, हे सांगणारा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: आच सतत मोठी ठेवा, म्हणजे स्वयंपाक लवकर उरकतो आणि गॅस कमी लागतो, पाण्यात मीठ आधीच घाला, ते लवकर उकळते, कुकरच्या शिट्ट्या मोठ्या आचेवर भराभर काढून घ्या, आणि इंडक्शनच्या नादी लागू नका, ते फार वीज खाते.

यातला पहिला सल्ला चटकन पटतो आणि सर्वांत महागात पडतो. आधण येईपर्यंत त्यात थोडे तथ्य आहे, कारण फारच मंद आचेवर पाणी तापत ठेवले तर पातेल्याच्या बाजूंनी उष्णता निसटत राहते. मात्र तेव्हाही ज्वाळा बुडाबाहेर जाऊ लागल्या की तेवढा गॅस ओट्याभोवतीची हवा तापवण्यात जातो. खरी चूक होते ती आधण आल्यानंतर. उघड्या पातेल्यातले पाणी 100 अंशांच्या आसपास उकळू लागले, की आच कितीही वाढवली तरी त्याचे तापमान वाढत नाही; जास्तीच्या उष्णतेने फक्त वाफ होते, आणि बटाटे काही बुडबुड्यांच्या जोरावर शिजत नाहीत. 25 अंशांच्या 1 लिटर पाण्याला उकळी आणायला सुमारे 315 किलोज्यूल उष्णता लागते, तर तेच उकळते पाणी पूर्ण आटवायला सुमारे 2,260. 1 किलो एलपीजीपासून सुमारे 46 मेगाज्यूल उष्णता मिळते. शेगडीची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर 1 लिटरला उकळी आणायला 11-12 ग्रॅम गॅस पुरतो, पण त्यातले पाव लिटर पाणी वाफ होऊन उडाले, तर आणखी 20 ग्रॅम जातो. म्हणून आधण आले की झाकण ठेवावे आणि ते थडथडणार नाही इतकी आच उतरवावी. भाकरीच्या तव्याची गोष्ट वेगळी. तिथे आच लागतेच.

मिठाचा दावा तर उलटा आहे. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम मीठ घातले तर उत्कलनबिंदू किंचित वर जातो, तोही 0.2 अंशापेक्षा कमी. उकळत्या पाण्यात मीठ टाकताच ते क्षणभर फसफसते, कारण मिठाच्या कणांभोवती बुडबुडे सहज धरतात. त्याने तापमान वाढत नाही.

कुकरच्या बाबतीतही तेच. पुरेसा दाब धरला की आत सुमारे 120 अंश तापमान असते आणि शिट्टी वाजते ती जास्तीची वाफ बाहेर टाकण्यासाठी. पहिल्या शिट्टीनंतर दाब टिकेल इतपत मंद आच ठेवली तरी वरण शिजते, फक्त वेळ शिट्ट्यांवर न मोजता घड्याळावर मोजावी लागते. डाळ आधी भिजवलेली असेल तर हा वेळ आणखी कमी होतो, आणि गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू दिली तर शेवटचे शिजणे फुकटात होते.

इंडक्शनवर उष्णता थेट भांड्याच्या बुडातच निर्माण होत असल्याने ती वाया कमी जाते. 1 लिटर पाण्याला उकळी आणायला साधारण दशांश युनिट वीज लागते. ते परवडते की नाही, हे मात्र आपले वीजबिल पाहूनच ठरवावे. महावितरणचा घरगुती दर 100 आणि 300 युनिटांच्या टप्प्यांवर चढतो, त्यामुळे 100 युनिटांच्या आत राहणाऱ्या घराचा आणि 300च्या पुढे गेलेल्या घराचा हिशेब सारखा येणार नाही.