मावशीच्या डब्यातली न फोडलेली पट्टी

रविवारी मावशीकडे गेले, तर औषधांच्या डब्यात टेनोफोव्हिरची, म्हणजे हेपटायटिस बीवरच्या तिच्या रोजच्या गोळ्यांची, पट्टी जशीच्या तशी. एकही गोळी फोडलेली नाही. विचारलं तर तिने फोन पुढे केला. गावभर फिरणारा तोच मेसेज: यकृताचा कर्करोग फक्त दारू पिणाऱ्यांना होतो, दुखत नसेल तर लिव्हर ठणठणीत, सुई टोचली की गाठ पसरते, इंग्रजी गोळ्या बंद करा, 21 दिवस गुळवेलीचा काढा घ्या, लिव्हर साफ.

माझी मावशी दारूला कधी शिवलेली नाही. तिला हेपटायटिस बी आहे, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूची लागण, आणि त्यातून सिरॉसिस झालाय, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालंय.

दारूने यकृत नासतं, त्यातून कर्करोग होतो, हे खरं. पण ‘फक्त’ कुठून आणलं? तैवानने 1984 मध्ये बाळांना हेपटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमध्ये यकृताच्या कर्करोगाचं वार्षिक प्रमाण 1981-86 या काळात लाखामागे 0.70 होतं, ते 1990-94 मध्ये 0.36 वर आलं. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 1997 साली हे छापून आलंय. पोराटोरांचा कर्करोग लशीने निम्म्यावर येतो, तो दारूचा नसतो, विषाणूचा असतो.

सगळ्यात राग येतो तो गोळ्या बंद करायला सांगण्याचा. या गोळ्या विषाणूला दाबून धरतात, मुळासकट काढत नाहीत, म्हणून त्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. मनानेच सोडल्या की विषाणू उसळू शकतो, यकृताला सूज येते, आणि सिरॉसिस असेल तर यकृत निकामी होऊन माणूस हातचा जाऊ शकतो. मावशीने 19 दिवस गोळी घेतली नव्हती! वर काढा. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ती मान्य नव्हती. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा, पण आधीच दुखावलेल्या यकृतावर हा प्रयोग कशाला?

दुखण्याचं म्हणाल तर यकृताच्या आत वेदना कळतच नाही, वरच्या आवरणाला ताण बसला की दुखतं. वजन उतरणं, कावीळ, पोटात पाणी होणं, हे बहुतेकदा उशिरा दिसतं. म्हणून तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. गाठ लहान असताना सापडली तर कापता येते, जाळता येते, काहींचं प्रत्यारोपण होतं.

सुईचं अर्धं खरं आहे, मान्य. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढताना सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी रुजू शकतात, पण एका आढाव्यात हे प्रमाण साधारण 2.7 टक्के निघालं. शिवाय सिरॉसिसच्या रुग्णात बऱ्याचदा सीटी किंवा एमआरआयवरच निदान होतं. आणि सोनोग्राफीत सुई नसतेच, तरी मावशीने त्याच भीतीने मार्चमधली सोनोग्राफी चुकवली.

काल तिला डॉक्टरांकडे नेलं. रक्त दिलंय, रिपोर्ट गुरुवारी. तोवर रोज रात्री जेवणानंतर फोन करते आणि गोळी गिळल्याचं तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय ठेवत नाही.