"पाना बोगस, चाक आणखी आउट झालं": दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. दोन स्टार दिलेत, हरकत नाही. पण तुमच्या सायकलचं चाक अजून सुधारण्यासारखं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: चाकाच्या तारा (स्पोक) आवळायचा आमचा पाना मऊ आहे, त्याने निप्पलचे, म्हणजे तारेच्या रिमकडच्या टोकावर फिरणाऱ्या छोट्या नटाचे, कोपरे गेले, आवळूनही चाक जास्तच आउट (वाकडं) झालं, आणि चाक सरळ करायच्या स्टँडशिवाय हे काम होतच नाही.

पान्याला ३.२, ३.३ आणि ३.५ मिमीच्या तीन खाचा आहेत. तुमच्या फोटोत निप्पल ३.५च्या खाचेत आहे आणि दोन्ही बाजूंना फट दिसते. अशाने पाना कितीही महागाचा असला तरी कोपरे झिजणारच. निप्पलवर बसेल ती सगळ्यात लहान खाच वापरायची. खाच खरंच पसरली असेल तर जवळून फोटो पाठवा, पाना बदलून देऊ.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही लिहिलंय, रिम उजवीकडे जात होती म्हणून डाव्या तारा घड्याळाच्या दिशेने दोन-दोन फेरे आवळल्या. घड्याळाची दिशा टायरच्या बाजूने बघून ठरते. हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बाजूने बघत तसं फिरवलं असेल, तर त्या तारा तुम्ही ढिल्या केल्यात! आणि दोन फेरे? पाव फेरा पुष्कळ होतो, शेवटी तर त्याच्याही निम्मा. ते निप्पल उलटे फिरवून होते तिथे आणा, आट्यांवर तेलाचा थेंब सोडा. मग जिथे रिम सगळ्यात जास्त उजवीकडे जाते तिथली डावी तार पाव फेरा आवळा आणि शेजारच्या उजव्या मिळून तेवढ्याच ढिल्या करा, नाहीतर चाक वर-खाली उडायला लागेल. कोपरे गेलेल्या निप्पलसाठी टायर-ट्यूब उतरवा. बहुतेक निप्पलना आतून स्क्रूड्रायव्हरची खाच असते.

स्टँड आम्हीही विकतो, तरी सांगतो, एवढ्यासाठी घेऊ नका. सायकल उलटी करा, चाक धरणाऱ्या चिमट्याला (फोर्कला) केबल टाय बांधा आणि त्याचं टोक रिमला टेकेल-न टेकेल असं कापा, म्हणजे चाक फिरवताना रिम कुठे आउट आहे ते दिसेल. रिम ब्रेक असतील तर ब्रेक शूसुद्धा चालतो. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फरक राहिला तर सोडून द्या.

एक शक्यता उरते. त्या भागातल्या तारा सैल करूनही रिम वाकडीच राहिली, तर ती खड्ड्यात ठोकली गेली आहे, नवीच लागेल. पाना मात्र ठेवा, नवी रिम भरताना लागेल.