‘एकच ढोलकी दोनदा लावून बिल फुगवलं’ या रिव्ह्यूला आमच्या स्टुडिओचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमच्या गणपतीच्या गाण्याच्या मिक्सिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड झालेले आवाज एकत्र बसवण्याच्या कामात, तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. सण तोंडावर असताना फाइल उशिरा हातात पडली की काय धावपळ होते, याची पूर्ण कल्पना आहे. उशिरावर तुम्ही चार शब्द जास्त सुनावले असते तरी ऐकून घेतले असते. पण दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंय की ‘ढोलकीचा एकच ट्रॅक दोनदा ठेवला, दुसऱ्याचा आवाज पत्र्यासारखा फाटलेला, आणि असे ट्रॅक वाढवून बिल फुगवलं’. वर त्या दुसऱ्या ट्रॅकची क्लिपही जोडलीत. यावर गप्प बसणं आम्हाला परवडणारं नाही. गणपतीच्या आधीच्या कामावर लहान स्टुडिओचं अर्धं वर्ष निघतं, आणि नवीन माणूस फोन करण्याआधी हेच वाचतो.

आधी पैशाचं बोलू. आमचा दर गाण्यामागे असतो, ट्रॅकमागे नसतो. तुम्ही दिलेले ट्रॅक २२, प्रोजेक्टमध्ये दिसले ३१. मधले ९ म्हणजे ग्रुपच्या बस (अनेक ट्रॅक एकत्र जाणारी वाट), रिव्हर्ब (खोलीचा घुमावा), डिले (प्रतिध्वनी) आणि समांतर ट्रॅक (मूळ ट्रॅकची सोबत वाजणारी प्रत). त्यांचा एक रुपयाही लावलेला नाही. काम सुरू करण्याआधी सांगितलेला आकडा आणि बिलावरचा आकडा एकच आहे, दोन्ही कागद तुमच्याकडे आहेत.

आता ती ढोलकी. एकच ट्रॅक दोनदा होता हे खरं आहे, आणि तो तसाच असावा लागतो. याला पॅरलल कॉम्प्रेशन म्हणतात: मूळ आवाज तसाच ठेवायचा आणि त्याच्याच प्रतीवर कॉम्प्रेसर, म्हणजे मोठे आवाज दाबणारं साधन, लावून ती त्यात मिसळायची. न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमुळे न्यूयॉर्क कॉम्प्रेशन हे नावही रूढ आहे. त्यामागची कल्पना त्याहून जुनी आहे. १९६० च्या दशकातल्या डॉल्बी ए या टेपची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेतही मूळ आवाज सरळ जाऊ देऊन त्यात दाबलेला आवाज मिसळलेला असे.

तुमच्या ढोलकीत थापेचं टोक उणे ६ डेसिबलला (शून्य म्हणजे कमाल पातळी) होतं आणि मागे उरणारा घुमारा उणे ३० च्या आसपास. फरक २४ डेसिबलचा. मांडवातल्या गर्दीत एवढा फरक राहिला की थाप तेवढी टोचते आणि घुमारा गायब होतो. सरळ मूळ ट्रॅकवरच कॉम्प्रेसर लावला तर फरक कमी होतो, पण तो थाप कापूनच होतो, आणि ढोलकी बोथट वाजायला लागते. म्हणून मूळ ट्रॅकला हात न लावता त्याची प्रत घेतली. प्रतीवर थ्रेशोल्ड (ज्या पातळीवरचा आवाज दाबायचा ती) उणे ३०, रेशो १० ला १, म्हणजे त्यावरचे १० डेसिबल १ वर येतात. उणे ६ ची थाप तिथे उणे २७.६ वर येते, म्हणजे २१ डेसिबलहून जास्त दाबली जाते, आणि घुमारा आहे तसा राहतो. ही प्रत मूळ ट्रॅकमध्ये बरोबरीने मिसळली तर थाप जेमतेम पाऊण डेसिबलने वाढते आणि घुमारा ६ डेसिबलने. अटॅक-रिलीजमुळे (कॉम्प्रेसरला दाबायला आणि सोडायला लागणाऱ्या वेळांमुळे) प्रत्यक्षात हे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण दिशा हीच. तुमच्या गाण्यात प्रतीचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) १० डेसिबल खाली होता, म्हणजे घुमारा सुमारे २.४ डेसिबलने वर आला आणि थाप जवळजवळ जागच्या जागी राहिली.

अटॅक १ मिलिसेकंद ठेवला, कारण ढोलकीची थाप मुळातच कडक होती आणि प्रतीमधून ती पुन्हा घुसायला नको होती. हलगीला मात्र आम्ही उलट करतो, २० ते ३० मिलिसेकंद अटॅक देऊन टिपरूचा कडाका मुद्दाम प्रतीतही येऊ देतो. रिलीज १२० मिलिसेकंद. गाण्याची लय १०० ची, म्हणजे एका ठोक्याचा चतुर्थांश १५० मिलिसेकंदांचा. पुढची थाप पडायच्या आत कॉम्प्रेसर बराचसा मोकळा झाला पाहिजे. रिलीज याहून फार कमी केला, १०-१५ मिलिसेकंदांवर आणला, तर कॉम्प्रेसर घुमाऱ्याच्या एकेका कंपनामागे धावतो. ६० हर्ट्झचं एक कंपन साधारण १७ मिलिसेकंदांचं असतं, आणि मग आवाज खरोखर फाटतो. आमच्या सेटिंगमध्ये तसं झालेलं नाही. शिवाय घुमाऱ्याच्या प्रत्येक धक्क्याने कॉम्प्रेसर हलू नये म्हणून त्याच्या साइडचेनमध्ये (जो आवाज ऐकून तो दाबायचं ठरवतो त्यात) १०० हर्ट्झखालचा भाग कापला होता.

मग क्लिपमध्ये जे ऐकू येतं ते काय? तुम्ही तो ट्रॅक सोलो केलात, म्हणजे बाकीचे बंद करून एकटाच लावलात, आणि नीट ऐकू यावा म्हणून फेडर वर नेलात. थाप २० डेसिबलने दाबलेली असताना असं केलं की मागची सगळी खोली तेवढीच वर येते. ढोलकी आणि टाळ एकाच खोलीत, एकाच वेळी रेकॉर्ड झालेले होते. माइकमध्ये शिरलेला टाळ आणि पंख्याची घरघर हाच तुमचा ‘पत्रा’. हा ट्रॅक एकटा ऐकायचा नसतोच. आपण तो मूळ आवाजाखाली इतका ठेवतो की बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटावं, पण चालू असताना वेगळा कळू नये. टाळ वर येऊ नये म्हणूनच प्रतीवर ६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग शेल्फने (वरचे सगळे सूर एकदम कमी करणाऱ्या फिल्टरने) उतरवला होता. मिक्समध्ये टाळ टोचतो असं तुम्ही कुठेही म्हटलेलं नाही, याचीही कृपया नोंद घ्यावी.

हल्ली बहुतेक कॉम्प्रेसरवर ‘मिक्स’ नावाचा नॉब असतो. तो ३० टक्क्यांवर ठेवला असता तर त्याच जातीचं काम झालं असतं आणि तुम्हाला दुसरा ट्रॅक दिसलाही नसता. वेगळा ट्रॅक घेतला तो दोन कारणांनी: प्रतीला स्वतंत्र इक्यू (जाड-बारीक सुरांचं प्रमाण बदलणारं साधन) देता येतो, आणि कोरस येतो तिथे तिचा फेडर ३ डेसिबल वर नेता येतो. तुमच्या गाण्यात तो नेलाय, प्रोजेक्टमध्ये ऑटोमेशनची (फेडर आपोआप हलवण्याची) रेघ दिसेल. जास्तीच्या मेहनतीला बनवाबनवी म्हटलं की वाईट वाटतं, दादा.

‘घरी दोन्ही ट्रॅक एकत्र लावले तर ढोलकी पोकळ वाजते’ हेही तुम्ही लिहिलंय. मूळ फाइल तुमच्याकडे वेव्ह (न दाबलेली, पूर्ण दर्जाची फाइल) होती आणि प्रत तुम्ही घाईत व्हॉट्सअ‍ॅपवर एमपी३ मागवलीत. एमपी३ करताना फाइलच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता आपोआप जोडली जाते. ती तुम्ही हाताने सरकवून जुळवलीत, पण तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये पहिल्या थापेला साधारण १ मिलिसेकंदाचा फरक दिसतो. तेवढ्याने ५००, १५००, २५०० हर्ट्झला खड्डे पडतात आणि वाद्य पोकळ होतं. आमच्याकडे हे आधीच तपासलेलं असतं: प्रतीवरचे कॉम्प्रेसर आणि इक्यू बायपास (तात्पुरते बंद) करायचे, फेडर बरोबरीला आणायचे, प्रतीची पोलॅरिटी उलटी करायची (लहरीचं वर-खाली बदलायचं). दोन्ही मिळून पूर्ण शांतता झाली तर जुळणी बरोबर. तुमच्या फाइलवर ती होते. ज्याला शंका असेल त्याने हे आपल्या सॉफ्टवेअरमध्ये करून पाहावं, दोन मिनिटांचं काम आहे.

उशिराचं कारण सार्वजनिक करायचं नव्हतं, पण विषय तुम्हीच काढलात. मिक्स झाल्यावर मुखडा पुन्हा गाऊन पाठवला गेला, आणि तो आधीपेक्षा ४ डेसिबल मोठा होता. कॉम्प्रेसर आवाजाच्या पातळीवर चालतो. पातळी बदलली की थ्रेशोल्ड बदलावा लागतो, समांतर ट्रॅकमध्ये श्वास आणि ‘स’ वर येतात, डी-एसर (‘स’चा टोचरा आवाज कमी करणारं साधन) नव्याने लावावा लागतो, आणि गाण्याचा आवाज हलला की ढोलकी, कोरस सगळंच पुन्हा बसवावं लागतं. नुसती फाइल बदलून दिली असती तर वेळेत मिळाली असती, पण ते काम आमच्या नावाने बाहेर गेलं नसतं.

इथून पुढे स्टेम्स (वेगवेगळे ट्रॅक) देताना अशा ट्रॅकच्या नावातच ‘समांतर, एकटा ऐकू नये’ असं लिहायचं ठरवलंय, आणि वेळेच्या बाबतीतही आणखी काटेकोर राहण्याचा प्रयत्न करू. तुमचा प्रोजेक्ट आमच्याकडे जसाच्या तसा आहे. सवडीने या, समांतरचा फेडर तुमच्या हातात देतो. ऐकून नको वाटला तर तो बंद करून पुन्हा एक्स्पोर्ट करून देऊ, त्याचे पैसे नाहीत. तारे दोनच ठेवा, हरकत नाही. ती एकट्या ट्रॅकची क्लिप तेवढी काढावी, नाहीतर तिच्याखाली पूर्ण मिक्समधली तीच जागा जोडावी, एवढी विनंती.