घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे पाय टेकवूच नये का?

घोट्याच्या फ्रॅक्चरमध्ये प्लेट आणि स्क्रू बसवल्यावर सहा आठवडे पाय जमिनीला टेकवू नये, टेकवल्यास प्लेट तुटते, जखम उघडते, आणि थांबण्यात नुकसान तर काहीच नाही, असा सल्ला सर्रास दिला जातो. ही प्रथा सावधगिरीतून आली हे खरे. परंतु ती प्रत्येक रुग्णाला सरसकट लावणे आज समर्थनीय नाही.

प्लेटची भीती आधी पाहू. घोटा बहुधा पाय मुरगळून मोडतो. सरळ उभे राहताना मात्र शरीराचा बहुतेक भार नडगीच्या जाड हाडातून खाली उतरतो आणि बाहेरच्या बारीक हाडावर, जिथे प्लेट बहुतेकदा असते, त्याचा थोडाच वाटा येतो. ब्रिटनमधील 23 रुग्णालयांत 561 रुग्णांवर झालेली आणि 2024 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी नेमकी याच प्रश्नावर होती. दोन आठवड्यांनी भार देऊ लागलेल्यांचा घोट्याच्या कार्यक्षमतेचा गुणांक चार महिन्यांनी 100 पैकी सरासरी सुमारे 66 होता, तर सहा आठवडे थांबलेल्यांचा सुमारे 61. गुंतागुंतीचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. गुणांतील हा फरक लहान आहे, त्यामुळे लवकर भार देणे फार सरस ठरले असे मी म्हणणार नाही; ते घातक नाही, एवढे मात्र स्पष्ट झाले.

जखमेच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण ते पहिल्या दोन आठवड्यांपुरते.

‘थांबण्यात नुकसान नाही’ हे विधान मला सर्वांत चुकीचे वाटते. भार नसलेल्या पायाची पोटरी झपाट्याने बारीक होते, सांधा आखडतो, हाड विरळ होते आणि शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वृद्ध व्यक्तीला तर वॉकर धरून एका पायावर उड्या मारत चालणे अनेकदा जमतच नाही. मग ती अंथरुणाला खिळते किंवा तोल जाऊन पुन्हा पडते.

अपवाद मात्र खरे आहेत. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेली असेल, हाड फार ठिसूळ असेल, नडगी आणि बाहेरचे बारीक हाड यांमधला सांधा स्क्रूने जोडावा लागला असेल किंवा जोडणीच भक्कम झालेली नसेल, तर अधिक थांबावे लागू शकते. आपल्या पायात यांपैकी काय आहे, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच ठाऊक असते. म्हणून भार कोणत्या दिवसापासून द्यायचा, किती द्यायचा आणि आधाराचा बूट घालून द्यायचा की त्याशिवाय, हे त्यांच्याकडूनच स्पष्ट विचारून घ्यावे.