गटारीच्या पातेल्यात नवा गडी

अभिनंदन! ऑफिसातल्या मित्राने तुम्हाला त्याच्या शाळेच्या कंपूत गटारीला बोलावलंय. 'आपलीच पोरं आहेत, ये बिनधास्त.' मंडळी दहावीपासून दर आषाढ अमावस्येला एकत्र जेवतात. दहा जण आहेत, तुम्ही अकरावे. पातेलं अजून दहांचंच आहे.

गटारी अमावस्येलाच असते, हा भाबडेपणा आधी सोडा. २०२५ची अमावस्या २४ जुलैला, नेमकी गुरुवारी आली. कंपूत दोघांचा गुरुवार, एकाचा मंगळवार, एकाचा शनिवार. शुक्रवारी श्रावण लागला, म्हणजे पुढे ढकलायचीही सोय नाही. अशा वेळी कालनिर्णय भिंतीवरून काढून मांडीवर घेतात आणि पंचांगकर्त्यांनाही घाम फुटेल असा खल होतो. तुम्ही तोंड उघडू नका. २०२३ला अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. तो 'धरायचा' की नाही, यावर कंपू उभा फुटला. शेवटी गटारी दोनदा करायचं ठरलं आणि एकी टिकली. मधल्या महिन्यात कोणी काय खाल्लं, हे विचारणं असभ्यपणाचं मानतात.

मटण आणायला तुम्हालाच पाठवतील. हा मान आहे, असं स्वतःला सांगत सकाळी साडेसहाला पावसात रांगेत उभे राहा. पुढे चाळीस माणसं, हातात पिशव्या, चेहऱ्यावर उद्यापासून जगबुडी असल्याचा भाव. नंबर आला की नुसतं 'तीन किलो द्या' म्हणू नका. चरबी आणि पडदे घेऊन घरी याल. 'पुढच्या पायाचं द्या, सीना घाला, नळ्या मोजून' असं म्हणायचं, जणू बोकड तुम्हीच लहानाचा मोठा केलाय. तरी कंपू पिशवीत डोकावून म्हणेलच, 'मागच्या वर्षीचं कोवळं होतं.'

स्वयंपाक करणारा ठरलेला असतो. त्याच्या आईचा काळा मसाला हा राष्ट्रीय गुपिताचा विषय. तुम्हाला कांदे मिळतील, दोन किलो. चिरताना डोळ्यांत पाणी आलं की लगेच कोणीतरी २००९ची गोष्ट काढेल, कुकरची शिट्टी उडून पंख्याला लागली तीच. ती तुम्हाला रात्रभरात तीनदा ऐकायची आहे. इतरांच्या अर्धा सेकंद मागून हसा. आधी हसलात तर 'याला कसं माहीत?' होतं.

'साडेआठला पान' याचा अर्थ साडेअकरा. घरून खाऊन जाण्याचा शहाणपणा करू नका, उपाशी जाण्याचा तर मुळीच नको. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आईने डबा दिला होता. दिव्यांची आवस ना; तिने सकाळी समया, निरांजनं चिंचेने घासून पाटावर मांडली होती आणि कणकेचे गुळाचे दिवे उकडले होते. गटारीला दिवे! कंपू खोखो हसला. दहा वाजता रस्सा अजून पाण्यासारखा होता, तेव्हा डबा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला आणि परत आला तो घासल्यासारखा. तूप कुठेय, असंही कोणीतरी विचारलं. आईला मी सांगितलं, सगळ्यांना आवडले. तिला वाटतं मी दीपपूजनाला जातो.

वाढताना भोवती नजर ठेवा. 'मी सोडलंय, फक्त रस्सा' म्हणणारा एक जण असतो. त्याच्या रश्शात सर्वांत जास्त फोडी सापडतात. त्याकडे बघायचं नाही. वर्गणी मात्र अकरांत समान, कारण परंपरेत हिशेब आणायचा नसतो. (बाटल्यांचा वेगळा. तुम्ही पीत नसलात तरी सोड्याचा तुमच्यात.)

आणि नळी. तिच्यावर हक्क ठरलेले आहेत, वतनासारखे. कोणाच्या वाट्याच्या नळीला डाव लावाल तर पुढच्या वर्षीचं आमंत्रण गेलंच समजा. तिसऱ्या वर्षी कधीतरी कोणीतरी न बोलता एक नळी तुमच्या ताटात टाकेल. भारावून जा, ताटावर ठोका, ओठाला लावून ओढा. काही येणार नाही. ती आधीच कोणीतरी ओढून परत पातेल्यात टाकलेली असते. सगळे तुमच्याकडेच बघत असतील. आवाज जोरात काढा.